डाव्या खुर्चीचा मानकरी

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात प्रवासी विमान उतरत नाही, तरीही देशातल्या तमाम वैमानिकांना मिळून वर्षभरात जेवढा संताप येत असेल तेवढा आमच्या एकट्या जिल्ह्यात साठवलेला आहे, आणि तो माझ्या धाकट्या दिरापाशी आहे. हे मी कौतुकाने सांगते आहे की तक्रारीने, ते लग्नाला बावीस वर्षं होऊनही मला ठरवता आलेलं नाही. मी ह्या घरात आले तेव्हा तो बारावीत होता आणि लोणच्यात मीठ कमी पडलं म्हणून बांधावर जाऊन बसला होता. तेव्हापासून गाव त्याला वळणावर आणायचा प्रयत्न करतं आहे. आता गाव त्याला कॅप्टन म्हणतं. मी तोंडावर भाऊजी म्हणते, कागदावर मात्र एकेरीवर येते, कारण धाकटा दीर शेवटी लेकासारखाच असतो आणि लेकाबद्दल अहोजाहो लिहायला माझा हात धजावत नाही.

त्याची पहिली खोड म्हणजे कुठल्याही वाहनात बसण्याआधी तो त्याला एक प्रदक्षिणा घालतो. विमानाला घालावी लागते हे मान्य, पण हा बैलगाडीलाही घालतो. ट्रॅक्टरची चाकं दाबून बघतो, माझ्या नवऱ्याच्या मोटारसायकलखाली वाकून तेल गळतंय का ते पाहतो, आणि शहाद्याच्या एका लग्नात तर त्याने नवरदेवाच्या घोडीला चारी बाजूंनी न्याहाळून मागच्या डाव्या पायाचा नाल सैल आहे असं भर मिरवणुकीत जाहीर केलं. नाल खरोखरच सैल निघाला. मिरवणूक तासभर खोळंबली आणि नवरीकडच्यांनी त्याला आजतागायत माफ केलेलं नाही. दुसरी खोड विचारण्याची. घर बंद करून निघायचं तर ओट्यावर उभा राहून तो एकेक गोष्ट पुकारतो आणि दुसऱ्या कोणालातरी तिचं उत्तर द्यावं लागतं. स्वतः विचारून स्वतःच उत्तर दिलेलं त्याला चालत नाही. हे काम सासूबाईंकडे आहे. “कुलूप?” तो विचारतो. “लाई दिनं,” सासूबाई सांगतात. “चावी?” “मन्हा कमरले.” “गॅस?” “तूच ते पाहीसन उना.” इथे तो चिडतो, कारण तूच तर बघून आलास हे उत्तर बरोबर असलं तरी ठरलेल्या शब्दांत आलेलं नसतं. तिसरी खोड झोपेची. दुसऱ्या दिवशी विमान असलं की तो दारात वाजंत्री वाजत असतानाही कानात कापूस घालून झोपतो. कोणी उठवलं तर म्हणतो, झोप हा माझ्या कामाचा भाग आहे, तुम्ही शेताला पाणी देता तशी मी ही झोप देतो. कोणाला देतो हे त्याने कधी सांगितलं नाही. मला वाटतं, मागे बसलेल्या माणसांना देत असावा.

आता त्याच्या संतापाचं मूळ सांगते, कारण ते मलाही समजायला काही वर्षं लागली. त्याचं विमान लहान, पंख्याचं, लहान शहरांत जाणारं. विमानावर नाव एका मोठ्या कंपनीचं, तिकिटावर तिचंच, पाण्याच्या बाटलीवरसुद्धा तिचंच. चालवणारी माणसं मात्र दुसऱ्याच एका लहान कंपनीची. मोठी कंपनी ह्या फेऱ्या कंत्राटाने देते. काही वर्षांनी कंत्राट नव्याने निघतं, आणि मग दोन-तीन लहान कंपन्या आम्हीच स्वस्तात उडवून देऊ म्हणून एकमेकींच्या अंगावर धावतात. जिला कंत्राट मिळतं तिच्याकडे विमानंही जातात. वैमानिकांनी मग त्या नव्या कंपनीच्या दारात जाऊन उभं राहायचं आणि यादीत सगळ्यांच्या खाली नाव लिहून घ्यायचं. विमानात कॅप्टन डाव्या खुर्चीत बसतो आणि त्याचा सहकारी उजव्या. आमच्या कॅप्टनच्या बाबतीत हे एकदा घडून गेलं होतं. विमान तेच, रस्ता तोच, डाव्या खुर्चीचा उसवलेला हातसुद्धा तोच, फक्त हा उठून उजवीकडे गेला आणि डावीकडे परत यायला त्याला पाच वर्षं लागली. मी जिल्हा परिषदेची मास्तरीण. आमच्याकडे बदली झाली तरी सेवा मोजतात. जमिनीवरच्या मास्तरणीला मिळतं ते आकाशातल्या माणसाला मिळू नये, ह्यात कुठला न्याय आहे हे मला कोणीही समजावून द्यावं.

माझी शाळा चांदसैली घाटाच्या पलीकडे आहे. अकरा वर्षं मी तळोद्याहून युसुफभाईंच्या जीपने जाते. युसुफभाई तळोद्याचेच, वडील पिंजारी, ह्यांनी मात्र विशीत स्टिअरिंग धरलं ते अजून सोडलेलं नाही. कॅप्टन सुट्टीवर आला की घरची गाडी असूनही माझ्याबरोबर जीपमध्ये बसतो, घाट चढून जातो आणि उतरून येतो. ह्याला तो विश्रांती म्हणतो. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे पुढची मोकळी जागा डावीकडची. ती त्याची. पहिल्याच दिवशी त्याने जीपला प्रदक्षिणा घातली, चाकं दाबली, वळणावरचा गिअर बघितला आणि मला हळूच म्हणाला की हा माणूस आमच्याकडे असता तर मी त्याच्या मागे डोळे मिटून बसलो असतो. तो कोणाच्या मागे डोळे मिटून बसत नाही, त्यामुळे मी ही गोष्ट लक्षात ठेवली.

तळोद्याच्या ह्या जीप-स्टँडचे तीन कायदे आहेत, कुठे लिहिलेले नाहीत. जीप नंबरानेच सुटणार. भाडं सगळ्यांचं एकच. आणि नंबर जीपचा नसून ड्रायव्हरचा. मालकाने जीप विकली, ड्रायव्हर दुसऱ्याच्या जीपवर गेला, तरी त्याचा नंबर त्याच्याबरोबर जातो. कॅप्टनला हा तिसरा कायदा कळला त्या दिवशी तो जेवला नाही. सातवी-आठवी शिकलेल्या बारा माणसांनी निंबाखाली उभं राहून जे ठरवलं, ते इंग्रजीत घोषणा करणाऱ्या एवढ्या वैमानिकांना ठरवता येऊ नये, ह्याचा त्याला इतका राग आला की त्याने माझ्या नवऱ्याच्या पपईच्या बागेला तीन चकरा मारल्या.

गेल्या हिवाळ्यात कंत्राट पुन्हा निघालं, आणि त्याच्या कंपनीने सगळ्या वैमानिकांना एक पत्र धाडलं. पगार कमी घ्या, विश्रांतीचे तास कमी घ्या, फेऱ्या वाढवा, म्हणजे आम्हाला स्वस्त दर देता येईल आणि तुमच्या खुर्च्या राहतील. सही करा. हे पत्र त्याच्या मोबाइलवर आलं तेव्हा तो जीपमध्ये पुढे बसलेला होता आणि मी मागे. त्याने ते दोनदा वाचलं. मग युसुफभाईंना विचारलं की तुम्ही दिवसात घाटाच्या किती खेपा करता. दोन, ते म्हणाले. तिसरी का नाही, प्रवासी तर असतात? युसुफभाईंनी आधी वळण पूर्ण केलं. मग म्हणाले, “तिसरी खेप घाटले मंजूर नही.”

त्या संध्याकाळी ओट्यावर बसून तो मला म्हणाला, “वहिनी, मी सही नही करसू.” खुर्ची जाईल, मी म्हटलं. जाईल, तो म्हणाला. आणि मग अर्ध्या तासाने त्याला ती कल्पना सुचली, जी फक्त आमच्या घरातल्या माणसालाच सुचू शकते. त्याने भरिताची पार्टी ठरवली. आपल्या कंपनीचे चार आणि त्याच कंत्राटासाठी समोर उभ्या ठाकलेल्या कंपनीचे चार अशा आठ वैमानिकांना त्याने शेतात जेवायला बोलावलं, दोन्हीकडच्यांनी एकत्र बसून ठरवावं की सही कोणीच करायची नाही, म्हणून. आणि समजवायला कोण, तर युसुफभाई. खानदेशात भरीत खाऊन कोणी शब्द फिरवत नाही, असं त्याने मला छातीवर हात ठेवून सांगितलं. मी विश्वास ठेवला, हीच माझी चूक.

रविवारी सकाळपासून मी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होते. तीन टोपल्या वांगी. धुराने डोळे गेले. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी किती थापल्या ते सांगत नाही, कारण मला परत राग येईल. आठही जण सुरतेच्या गाडीने आले, काळे चष्मे लावून, आणि केळीच्या पानावर बसताना सगळ्यांच्याच गुडघ्यांनी कुरकुर केली. त्यांच्यात एक सगळ्यांत तरुण होता. आमच्या कॅप्टननेच शिकवून तयार केलेला, दोन वर्षांपूर्वी समोरच्या कंपनीत गेलेला. तो ह्याला सर म्हणत होता आणि त्याने पाच भाकरी खाल्ल्या. जेवणं झाल्यावर युसुफभाईंनी स्टँडची गोष्ट सांगितली. बाहेरून एक जण दोन नव्या जीपा घेऊन आला होता आणि कमी भाड्याची हाळी देऊ लागला होता. बाकीच्यांनी भाडं उतरवलं नाही, भांडणही केलं नाही. त्याला निंबाखाली बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं की ये, पण शेवटच्या नंबरावर आणि आमच्याच भाड्यात. तो आजही स्टँडवर आहे. आठही माना हलल्या. एकाने तर डोळे पुसले, अर्थात ठेचाही तिखट होता. निघताना सगळ्यांनी हातात हात दिले.

आठ दिवसांत आठही जणांनी सही केली. ह्याच्या कंपनीतल्यांनी कमी पगारावर केली, समोरच्यांनी त्याहून कमीवर केली, आणि कंत्राट समोरच्यांना गेलं. म्हणजे ज्यांनी वाकून सही केली ते ह्याचे सोबतीही खुर्चीवरून उठले आणि न केलेला हाही उठला. मला त्या कंपन्यांचा राग येतो, मोठीचाही आणि लहानांचाही. स्वतःच्या नावाने उडवायचं आणि राबणाऱ्याला आपला म्हणायचं नाही, ही कुठली रीत? पण खरं सांगू, त्यांच्यापेक्षा जास्त राग मला त्या आठ पानांचा येतो. माणसाने सही करावी, संसार सगळ्यांनाच आहेत, पण मग एवढं पोटभर जेवू नये.

दुसरीकडे काम नव्हतं. शेवटी आमचा कॅप्टन त्याच समोरच्या कंपनीत गेला, त्याच अटींच्या कागदावर त्याने सही केली आणि उजव्या खुर्चीत जाऊन बसला. डावीकडे तो पाच भाकरीवाला. होळीच्या आधी सुट्टी घेऊन घरी आला तेव्हा मी मुद्दामच विचारलं, कसा उडवतो तो? चांगला उडवतो, तो म्हणाला, मीच शिकवलाय. एवढंच. जेवताना डाळीत मीठ नव्हतं, त्याने निमूटपणे खाल्ली. घर बंद करताना काही पुकारलं नाही. सासूबाई कुलूप लावून त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या, आणि तो पुढे निघून गेल्यावर मला म्हणाल्या, “पोऱ्याले काय व्हयनं? राग येत नही याले आते.” बावीस वर्षं ज्या रागाला आम्ही कंटाळलो होतो तो गेल्यावर घरात करमेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर स्टँडवर आला. होळीसाठी गुजरातेतून कामावरची माणसं डोंगरात परतत होती, बोचकी, पोरंबाळं, कोंबड्या, जीपमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ह्याने प्रदक्षिणा घातली नाही. सरळ मागे चढला आणि दोन गाठोड्यांच्या मध्ये अंग चोरून बसला. पुढे डावीकडची जागा रिकामीच होती. युसुफभाईंनी तीन जणांना तिथून उठवलेलं मी पाहिलं होतं. ते स्टिअरिंगला हात न लावता बसून राहिले. माणसं कुरकुरू लागली. मग ते खाली उतरले, मागे आले आणि म्हणाले, “कॅप्टनसाहेब, तुमना नंबर आठे नही. तठे शे, पुढे.”

तो म्हणाला की मी आता कॅप्टन नाही, युसुफभाई. ते त्यांना ऐकू आलं नसावं, कारण ते तसेच उभे राहिले. शेवटी तो उतरला. पुढे जायचं तर जीपला वळसा घालावा लागतो. पुढच्या चाकापाशी त्याचा पाय थांबला. तो वाकला. त्याने चाक दाबलं, पुन्हा दाबलं, आणि मग ताठ झाला.

“युसुफभाई, ह्या चाकमा हवा कमी शे. तुम्ही घाट चढी ऱ्हायनात का तमाशा करी ऱ्हायनात?”

आणि मग तो जो सुटला, तो सुटला. एवढी माणसं मागे, लेकरं मागे, आणि हे असं चाक, स्टँडच्या अब्रूचं काय, कायदे कशासाठी केले. सगळा स्टँड गोळा झाला. युसुफभाई मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी हवा भरून घेतली, आणि हा डावीकडे बसून “दरवाजा?” म्हणून ओरडला, तेव्हा त्यांनी “बंद,” असं अगदी ठरलेल्या शब्दांत सांगितलं.

त्या दिवशी मी शाळेत उशिरा पोचले. चार दिवसांनी तो परत गेला, उजवीकडे बसायला. अकरा वर्षं मी त्या जीपने जाते आहे, आणि युसुफभाईंच्या चाकात हवा कमी असल्याचं मी त्याआधी किंवा त्यानंतर कधीही पाहिलेलं नाही. मी त्यांना त्याबद्दल विचारलेलं नाही आणि कॅप्टनलाही काही सांगितलेलं नाही.