निळा हत्ती आणि आमची लक्ष्मी

निवृत्त झाल्यावर निवांत बातम्या पाहायच्या, असं मी ठरवलं होतं. पण टीव्हीचा रिमोट माझ्या थोरल्या मुलाच्या मुलीकडे असतो, आणि ती पाच वर्षांची असल्यामुळे तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्यामुळे गेल्या नवरात्राच्या आधी रोज संध्याकाळी मी एका निळ्या हत्तीचं दुःख पाहत होतो.

हा हत्ती परक्या रानातून आलेला. सगळे करडे हत्ती त्याला म्हणतात, तू आमच्यातला नाहीस. मग तो तळ्याकाठी बसून रडतो, आणि तमिळमध्ये रडतो, कारण असली कार्टून मालिका कुठल्याही देशात बनली तरी आमच्या कुंभकोणमला पोचेपर्यंत तिला तमिळ येऊ लागतं. शेवटी एका पिलाला उपरती होते. ते निळ्या चिखलात लोळतं, त्याच्यामागून बाकीचे लोळतात, सगळे निळे होतात आणि सोंडेत सोंड घालून नाचतात. रंगावरून कुणाला दूर लोटू नये, असं एक गोड आवाजाची बाई सांगते. मला हे काही पटलं नाही. आधी सगळ्यांना एका रंगात बुचकळायचं आणि मग मैत्री करायची, यात कसला मोठेपणा? मी तसं बोलून दाखवलं. नातीनं आवाज वाढवला.

नवरात्राला माझी थोरली बहीण, अक्का, तिरुविडैमरुदूरहून बसनं येते आणि घराचा ताबा घेते. आम्ही तंजावरकडचे मराठी. दाराबाहेर तमिळ बोलतो आणि दाराच्या आत अशी मराठी, की पुण्याचा पाहुणा आधी हसतो आणि मग कीर्तनाला बसल्यासारखा गप्प होतो. सण मात्र इथलेच आहेत. नवरात्रात आम्ही कोलू मांडतो, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या. वर देव, त्याखाली संत आणि राजे, मग साधी माणसं, तळाला जनावरं. कुणी कुठल्या पायरीवर बसायचं हे अक्का ठरवते. क्रिकेटचा संघ पोलिसाच्या खाली का, हे तिला विचारायची सोय नाही.

जित्याजागत्या माणसांच्या पायऱ्याही तीच ठरवते. बायकांना हळदीकुंकवाला बोलवायला घरातल्या लहान मुली देवांच्या वेषात नटून दारोदार जातात. मला दोन नाती. धाकट्या मुलाची गोरी आहे, थोरल्याची काळी. सावळी म्हणतात लोक, पण मला आडपडद्याचा कंटाळा आहे. दर वर्षी गोरी लक्ष्मी होते आणि काळी कृष्ण. त्या वर्षी लक्ष्मीसाठी दारासुरमच्या विणकराकडून डाळिंबी रेशमी परकर आणला होता. काळी तो पुन्हा पुन्हा कपाटातून काढून गालाला लावून पाहत होती.

"मज लक्ष्मी व्हायचें," ती म्हणाली.

"तू कृष्णच," अक्का वाटीत खोबरेल तेलात कपड्यांची नीळ कालवत म्हणाली. "तुज रंग थोडकाच लागतो."

"अक्का, लेकरास असें बोलू नये," मी म्हणालो.

"मी कोठ वाईट बोललें? कृष्ण देवच की."

या वाक्यापुढे दर वर्षी माझं घोडं अडतं. पोर नुसती कपाटाकडे पाहत राहिली. ते पाहून मला फार राग आला, आणि राग आला की मला झोप येते.

जेवणं झाली. अक्का कोलूपुढे चटई टाकून आडवी झाली, मी झोपाळ्यावर. सुना स्वयंपाकघरात सुंडलच्या, म्हणजे नैवेद्याच्या उसळीच्या, हरभऱ्यांशी झुंजत होत्या. जाग आली तेव्हा समोर कोलूवरचा राम निळा होता. तसा तो असतोच, पण सीताही निळी होती. लक्ष्मी, सरस्वती, राजे, ढेरपोट्या वाणी आणि त्याची वाणीण, पोलीस, अख्खा क्रिकेटचा संघ, सगळे निळे. तळाचे हत्ती तर हक्काचेच. गोरी नात दोन्ही गाल निळे करून, कमरेला बासरी खोचून हसत उभी होती. तिला पहिल्यापासून कृष्णच व्हायचं होतं, कारण कृष्णाला लोणी मिळतं आणि लक्ष्मीला नुसतं उभं राहावं लागतं. आणि चटईवर अक्का घोरत होती, कपाळापासून हनुवटीपर्यंत निळी. चष्मा तेवढा काढून शेजारी नीट ठेवला होता. माझ्या वाट्याला एक कान आला. तोवर वाटी संपली असावी.

अक्काला उठवावं असं मला अजिबात वाटलं नाही. तेवढ्यात समोरच्या घरातली बाई बोलावण्याआधीच आली. अक्का धडपडत उठली, चष्मा लावला, केसांवरून हात फिरवला आणि तबक घेऊन दारात गेली. बाईनं एकदा वर पाहिलं, दोन्ही हात जोडले, मान खाली घालून कुंकू लावून घेतलं, आणि पाठ न दाखवता मागे मागे सरकत निघून गेली.

"पाहा," अक्का मला म्हणाली, "इतक्या वरसांनी हिला वळण आलें."

आमच्याकडे कुंकवाला आलेल्या बाईला विड्याबरोबर छोटा आरसा आणि फणी देतात. अक्कानं तबकातला पुढचा आरसा पुसायला उचलला. स्वयंपाकघरातली फोडणी थांबली.

"कोण केलें हें?"

"मी," काळी म्हणाली. तिला भीती वगैरे वाटत नव्हती. "आता अस्की निळी झाली, सीता पण, पोलीस पण, आत्याआजी. कोणी पण कृष्ण होईल. मी लक्ष्मी होतें."

अक्का न्हाणीघरात गेली. साबणानं काही होईना, तेव्हा काळीला उजळवायला म्हणून स्वतःच आणलेलं बेसन आणि कस्तुरी हळदीचं उटणं तिनं खसाखसा तोंडाला लावलं. निळ्यावर पिवळं बसलं आणि ती हिरवी होऊन बाहेर आली. मी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं. ते उलटं होतं.

उन्हं उतरली. कुंकवाचं बोलावणं टाळता येत नाही. पुरुषांनी त्या कामाला जायचं नसतं, सुनांचे हात गुंतलेले, आणि पोरींना रस्ता एकटीनं ओलांडू देत नाहीत. म्हणजे जायला अक्काच. आणि नवा रेशमी परकर नेसवायचा तर रंग न लागलेली मुलगी घरात एकच उरली होती. तिनं सगळ्यांना रंगवलं होतं, स्वतःला सोडून. अक्कानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं, मग कपाट उघडलं आणि काळीच्या कमरेला परकराची नाडी बांधली. जरा जास्तच घट्ट.

मी त्यांच्यामागून फाटकापर्यंत गेलो. शेजारची म्हातारी दारात आली आणि कौतुकानं म्हणाली, "कोण कोण आलंय?"

"मी लक्ष्मी," माझी नात तमिळमध्ये म्हणाली, "आणि हा कृष्ण."

"आणि या गं?"

नातीनं वळून आत्याआजीकडे पाहिलं. तिला खरंच वाईट वाटत होतं.

"त्या पण कृष्णच आहेत," ती म्हणाली. "पण त्यांना रंग फार लागला."

अक्कानं आपले हिरवे हात पदरात गुंडाळले, खाली वाकली, आणि पुढच्या घरापर्यंत लक्ष्मीचा परकर धुळीला लागू नये म्हणून उचलून धरून चालत राहिली.