वंदनाच्या माहेरी

दिवाळी पाडव्याच्या पहाटे नाशिकहून गाडी सुटली, तेव्हा तनूने एकच प्रश्न लावून धरला होता : हत्तीला ऊस जास्त आवडतो की केळी? दोन दिवसांपूर्वी त्याचा गजामामा फोनवर म्हणाला होता, "मालेगावले उतरा, मी छोटा हत्ती घेऊन येतो." छोटा हत्ती म्हणजे भाजी वाहायचा लहान टेम्पो, हे पाच वर्षांच्या मुलाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मला ठाऊक होतं. पण मी बोलले नाही. लांबच्या प्रवासात मुलाला वाट पाहायला काहीतरी लागतं.

रेवती खिडकीशी बसली होती. ती नऊ वर्षांची. ही दोन्ही मुलं माझ्या नवऱ्याची, सुहासची आणि वंदनाची. तनू आठ महिन्यांचा असताना वंदना तापाने गेली. मी या घरात आले त्याला आता अडीच वर्षं होतील. तनूला तिची आठवण नाही, तो मला आई म्हणतो. रेवती मला शुभामावशी म्हणते. गोड म्हणते, भांडत नाही, वेण्या घालून घेते, पण मावशीच म्हणते.

वंदनाचं माहेर वाशीम जिल्ह्यात, तिथल्या मालेगावपासून सात-आठ किलोमीटरवर. पूर्वी सुहास दर दिवाळीच्या सुट्टीत मुलांना तिथे नेत असे. माझं लग्न झालं आणि ते जाणं थांबलं. पहिल्या वर्षी तनूला सर्दी होती. दुसऱ्या वर्षी मी आधीच समुद्रकिनाऱ्यावरची खोली ठरवून ठेवली होती. सर्दी साधीच होती आणि खोली मुद्दाम ठरवली होती, हे मी इथे लिहून टाकते. यंदा वीज केंद्रातल्या नोकरीमुळे सुहासला रजा मिळेना. मुलांची सुट्टी तर लागलेली. एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना माझ्याच तोंडून निघून गेलं, "मी नेते त्यांना." सुहासने घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडला.

दुपारी अकोल्याला उतरलो. स्टँडवर आलूपोहे खाल्ले, वर तर्री घातलेले. तनूचे कान लाल झाले. मालेगावची एसटी पातूर सोडून घाटात शिरली, तशी गाडीतली बोलणी हळूहळू बंद पडली. दोन्ही बाजूंना सागाची झाडं, मोठाली पानं पिवळी पडायला लागलेली, आणि त्यांच्यातून ऊन असं येत होतं, जणू कोणी ते गाळून घेतंय. तनू मांडीवर झोपला. रेवतीचं डोकं माझ्या दंडाला टेकलं, गाडीच्या हिसक्याने सुटलं, पुन्हा टेकलं. मेडशी गेलं. पुढे शेतं मोकळी होत गेली. सोयाबीन निघालेलं, कापूस फुटलेला, आणि मधून मधून तुरीच्या पिवळ्या फुलांच्या लांबच लांब रेघा. मी चित्रकला शिकवते, पण तो पिवळा रंग मला कुठल्याच डबीतून काढता आला नसता.

मालेगावच्या स्टँडबाहेर मोटारसायकलींच्या गर्दीत एक पांढरा टेम्पो उभा होता. त्याला टेकून एक सडपातळ तरुण. तनू डोळे चोळत त्याच्यापुढे उभा राहिला.

"हत्ती कुठंय?"

गजाने टेम्पोच्या तोंडावर थाप मारली. "हा काय!"

तनूचा ओठ थरथरला. गजाने त्याला उचलून स्टिअरिंगपाशी बसवलं आणि हॉर्न दाबायला दिला. गावापर्यंतचे सगळे कुत्रे आमच्यावर भुंकत राहिले, पण ओठ थरथरायचा थांबला.

माझ्याशी मात्र गजा एक शब्द बोलला नाही. रागाने नव्हे, त्याला शब्दच सापडत नसावेत. तो रेवतीकडे पाहून म्हणाला, "तुह्या मावशीले सांग, खिडकी लागत नाई, पदर सांभाळा." रेवतीने मला सांगितलं, आणि त्याला सांगितलं, "मावशी शाळेत चित्रं काढायला शिकवते." गजाने मान हलवली.

पाडव्याला इकडे गाईगोधन, म्हणजे गुरांची पूजा असते. आम्ही गावात शिरलो तेव्हा गुरं परतत होती. रंगवलेली शिंगं, त्यांना बांधलेली मोरपिसं, गळ्यातल्या घंटा, आणि सगळ्यांवर सोनेरी धूळ. टेम्पो थांबवून आम्ही त्यांना वाट दिली. दोन्ही अंगांनी ती संथपणे वाहत गेली. मुलं श्वास रोखून पाहत होती. मला वाटलं, ही वाट अशीच थोडा वेळ अडलेली बरी. पुढे घर होतं.

घर मळ्यातच. विटांच्या तीन खोल्या, वर टिन, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. वंदनाची आई दारात उभी होती. पन्नाशी ओलांडलेली, काटक. नवरा लवकर गेल्यावर हिने भाजीच्या पाट्या बाजारात नेऊन वंदना आणि गजा ही दोन मुलं वाढवली. तिने मुलांवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. माझ्यापाशी आली आणि तिचा हात थांबला. मग तिने तांब्या पुढे केला.

"पाय धून घे."

मी त्यांना काय म्हणावं, हे मला ठरवता आलं नव्हतं. मुलांचं पाहून मीही 'आजी' म्हणाले.

जेवायला तुराट्यांवर (तुरीच्या वाळक्या काड्यांवर) भाजलेल्या वांग्यांचं भरीत, कांद्याची पात, ज्वारीची भाकर. धुराचा वास भरताला होता, भाकरीला होता, आजींच्या लुगड्यालाही होता. रेवती त्यांना चिकटून बसली होती. त्या तिचे केस विंचरत होत्या, आणि ती त्यांना नाशिकच्या शाळेतलं असं काय काय सांगत होती, जे मला कधी सांगितलं नव्हतं. मी भाकरीचा पापुद्रा सोलत बसले.

सकाळी जाग आली ती धुक्यात. मेथीचे वाफे, कोथिंबिरीचे वाफे, पलीकडे वांगी, सगळं पांढऱ्या पाण्याखाली बुडाल्यासारखं. धुक्यातून मुलांचे आवाज येत होते, मुलं दिसत नव्हती. विहिरीवरचा पंप दूर कुठेतरी घुमत होता. पायांखाली दव. पानावर बोट टेकवावं आणि अख्खं पान हलावं. मी शाल गुंडाळून किती वेळ उभी होते, कोण जाणे. या वाफ्यांमधूनच वंदना शाळेत गेली असेल, हे एकदम मनात आलं, आणि पहिल्यांदाच तिचं नाव मनात येऊन काही टोचलं नाही.

भाऊबीज होती, पण दुसऱ्या दिवशीचा बाजार भाऊबीजेसाठी थांबत नाही. ऊन वर आल्यावर आजी, गजा आणि दोन्ही मुलं मिरच्या तोडायला बसली. मी पदर खोचला, तशा आजी म्हणाल्या, "तू कायले? पाव्हणी हायेस तू. बस तिथी बाजेवर." आवाज गोड होता, पण दार लावून घ्यावं तसा. मी बाजेवर बसले.

थोड्या वेळाने किंकाळी आली. तनूने मिरच्यांचे हात डोळ्यांना लावले होते. तो आंधळ्यासारखा वाफ्यांतून धावत सुटला. "आई! आई ग!"

आजी ताडकन उठल्या. दोन पावलं पुढे आल्या आणि थांबल्या. त्या हाकेने त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी पाहिलं. गजाने तोंड फिरवलं आणि तो तरातरा वावरात (शेतात) निघून गेला. मीही जागची हलले नव्हते. मलाच मारलेल्या त्या हाकेला या अंगणात मला ओ देता येईना.

आजीच ओरडल्या. "उभी काय राह्यली व? धर त्याले! आमचे सगळ्याइचे हात मिरचीचे हायेत. तूच धू त्याचे डोये!"

मी धावले. तनूला मांडीवर घेतलं. आजी बाजूला उभ्या राहून सांगत होत्या. आधी त्याचे हात तेलाने पूस. आता तोंड वर कर. पाणी कोपऱ्यातून सोड, जोरात नाई. रेवती तांब्यावर तांबे आणत होती. मी पाणी सोडत राहिले आणि तो माझ्या पदराला धरून रडत राहिला. हळूहळू हुंदके लांबले, आणि तो तसाच झोपून गेला.

आजी साबणाने हात धुऊन आल्या आणि बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

"बरं झालं तुले तोडू नाई देल्लं," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "दोन साल काहून नाई आणले लेकरं?"

सर्दीचं पुन्हा सांगता आलं असतं. "मला भीती वाटली," मी म्हणाले.

"कायची?"

"तुम्हाला मी इथे बघवणार नाही, याची."

त्या तनूच्या पायावरची माती खरवडत राहिल्या. "नाईच बघवलं असतं. खोटं कायले बोलू? काल बी नाई बघवलं. पन लेकरं दिसत नव्हते, ते त्याच्याहून वाईट होतं, माय. म्या म्हणलं, पोरगी गेली ते गेली, आता तिचे लेकरं बी गेले."

मी रडले. त्या रडल्या नाहीत. त्यांनी माझ्या मांडीवरून तनूला उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "पाय अवघडला असन. जाय, चहा मांड. साखर खालच्या डब्यात हाय." दोन दिवसांत त्यांनी मला सांगितलेलं ते पहिलं घरातलं काम.

गजा दिवसभर घरी आला नाही. आजी म्हणाल्या, वंदना गेल्यापासून भाऊबीजेला तो असाच वावरात जाऊन बसतो. चुलत बहिणी बोलावतात, पण पाटावर बसत नाही.

दिवे लागायच्या वेळेला रेवतीने स्वतः ताट लावलं. पश्चिमेला बीजेची कोर निघाली होती, नखाएवढी. रेवतीने अंगणात तनूला ओवाळलं. तेवढ्यात गजा फाटकातून आत आला आणि आम्हाला पाहून तिथेच थबकला.

"मामा, तूपण बस ना," रेवती म्हणाली.

"मले कोन ओवायते?"

रेवतीने ताटाकडे पाहिलं. मग ते उचलून माझ्या हातात दिलं.

मी गजाला म्हणाले, "तुम्हाला नको वाटत असेल, तर राहू दे. मला वाईट वाटणार नाही."

तो इतका वेळ उभा राहिला की ज्योत वाऱ्याने दोनदा वाकली. मग त्याने पायांवर पाणी घेतलं, खिशातला रुमाल डोक्यावर टाकला आणि पाटावर बसला. डोळे मिटून. मी कुंकू लावायला वाकले आणि माझा हात असा कापला की टिळा भुवईपासून नाकापर्यंत वाकडा ओढला गेला. तनू खदखदून हसला. गजाने डोळे उघडले, आजींनी पुढे केलेल्या आरशात पाहिलं, आणि पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलला.

"चित्रकलेच्या बाई ना तुमी?"

आम्ही सगळेच हसलो. हसता हसता आजी पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी ओवाळलं. गजाच्या गालावरून पाणी वाहत होतं. त्याने पुसलं नाही आणि आम्ही कोणी पाहिल्यासारखं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन बाजाराला गेलेला गजा येताना साडी घेऊन आला. गडद जांभळी, काठाला चमचमती नक्षी. दुकानात मी तिच्याकडे वळूनही पाहिलं नसतं. तिसऱ्या दिवशी मी तीच नेसून निघाले. आजी मालेगावपर्यंत आल्या. वांगी, मेथी, चिवडा, शेव असं इतकं बांधून दिलं की पिशव्या ठेवायला सीट पुरेना. गाडी हलली तेव्हा त्या खिडकीपाशी आल्या. "शुभे," त्या म्हणाल्या, "मे महिन्यात बी ये." मी हो म्हणाले, पण इंजिनच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

घाटात सागाची झाडं पुन्हा आली. तनू झोपला होता. समोरच्या सीटवरची एक बाई कितीतरी वेळ आमच्याकडे पाहत होती. नवी साडी, पिशव्या, दोन मुलं. शेवटी तिला राहवेना.

"माहेराहून चालली काय व बाई?"

मी उत्तर जुळवत होते. मला इतकं सगळं सांगावं लागणार होतं. पण खिडकीबाहेर पाहत असलेली रेवती मान न वळवता म्हणाली, "हो. आईच्या माहेराहून."

कोणत्या आईच्या, हे मी तिला विचारलं नाही. दोन्ही उत्तरं खरी होती.