भावकीच्या दारातलं अर्धं गाणं

बँडची पितळी वाद्यं चिंचेनं घासल्याचा तो आंबट वास आला की मला कुंडल गावातली वरात आठवते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. रेकॉर्डी काढणं, टीव्हीच्या मालिकांना संगीत देणं हे सगळं पुढचं; तेव्हा मी मिरजेच्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो. तिथली रीत अशी, की वरात भावकीच्या ज्या दारात थांबेल तिथं बँडनं एक अख्खं गाणं वाजवायचं. भर उन्हात नवरदेवाच्या चुलत्याच्या दारात माझ्या क्लॅरिनेटची फुंकायची पत्ती चिरली आणि गाण्याची चाल माझ्याकडंच असल्यानं गाणं अर्ध्यातच तुटलं. चुलत्याचा फौजेतून सुटीवर आलेला थोरला मुलगा उसळला, "आमच्याच दारात अर्धं व्हय रं? कुणी शिकवलं तुमास्नी?" नवरदेवाच्या भावानं त्याला ढकललं आणि बघता बघता ऊसतोडीचे कोयते बाहेर आले. कुणाचं डोकं फुटलं, कुणीतरी ढोलात लाथ घातली. आमचे बँडमास्तर ओरडले, "वाजवा रं! थांबलासा तर समदे आपल्यावर येतील!" मी नवी पत्ती बसवली आणि डोळे गच्च मिटून छाती फुटेस्तोवर फुंकत राहिलो. डोळे उघडले तेव्हा मास्तर धुळीत गुडघ्यांवर बसले होते आणि कोयत्यानं तुटलेली त्यांची दोन बोटं ट्रंपेटशेजारी पडली होती. ते किती ओरडले असतील, आमच्याच वाजवण्यात आमच्यातल्या एकालाही ऐकू आलं नव्हतं. आता मालिकेत हाणामारी आली की निर्माते माझ्याकडं दणदणीत ढोल मागतात. मी तिथं एक सूरही घालत नाही. त्यांना म्हणतो, माणसं तोडायला निघालात ना, मग त्यांचं ओरडणं ऐका.