साळवे काकांची दुसरी प्रत

भास्करराव साळवे. विधिमंडळातले निवृत्त प्रतिवेदक, मूळ गाव पिशोर, राहणार शहागंजच्या मागची गल्ली. त्यांचं नाव पहिल्या ओळीत लिहिते, कारण या शहरात मी राहते हे सरकारच्या कागदावर आलं ते त्यांच्यामुळं. आता काय झालं ते सांगते. तीन आठवड्यांपूर्वी मंगळवारी दुपारी मी मशीनवर बसून ब्लाउजला बाही लावत होते आणि काकूंचा फोन आला. "कुंदा, काका गेले गं." मग म्हणाल्या, "तू हातातलं काम उरकून ये, गडबड करू नको." मी काम उरकलं, दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि निघाले. बाही उलटी लावली होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

मी गडचिरोलीकडची. आठवीत शाळा सुटली. नवऱ्याला वाळूजच्या कंपनीत काम लागलं म्हणून नऊ वर्षांपूर्वी आम्ही मुलीला घेऊन इथं आलो. मला आजही सरकारी कचेरीच्या पायऱ्या चढताना घाम फुटतो. परक्या गावात आपण कुणाच्या डोळ्यात येऊ नये, असं वाटत राहतं. शहागंजात एका कापडाच्या दुकानापुढं मी कपडे बसते करून देते... लांबी कमी करणं, कंबर घेणं, चेन बदलणं. साळवे काका तिथंच भेटले. पॅन्टची कंबर घ्यायला आले होते. आजारपणानं उतरत चालले होते, पण कधी कण्हले नाहीत. "पॅन्टच ढिली पडायलीय, मी हाय तसाच हाय," म्हणायचे. दर चार-पाच महिन्यांनी त्याच पॅन्टी घेऊन यायचे. मी टेप लावायची, आकडा मनातल्या मनात वाचायची आणि त्यांना सांगायची नाही. त्यांनीही कधी विचारला नाही.

प्रतिवेदक म्हणजे काय, ते मला त्यांच्याकडूनच समजलं. सभागृहात आमदार, मंत्री जे बोलतात ते शब्दन् शब्द लघुलिपीत उतरवून घेणारा माणूस. एकदा माझ्या मापाच्या वहीवर त्यांनी बोलता बोलता काही रेघोट्या ओढल्या. मला वाटलं पेन चालतं का बघतायत. तर म्हणाले, "तू आत्ता त्या गिऱ्हाइकाला काय बोलली, ते हाय हे." आणि वाचून दाखवलं. त्यात मी मधेच "चूप बस" म्हणून मुलीवर खेकसले होते, तेही होतं.

माझी अडचण त्यांना अशीच बोलता बोलता समजली. आमचं रेशनकार्ड गावचं. ते इथं करायचं तर इथला रहिवासी दाखला हवा. घरमालक भाडेकरार करून देईना, आणि वॉर्ड ऑफिसातला बाबू म्हणे, नगरसेवकाचं पत्र आणा. नगरसेवक कोणीच नव्हते. मुदत संपली होती, निवडणूक झालेली नव्हती, वर्षामागून वर्ष प्रशासकच शहर चालवत होते. "मग मी काय करू जी?" मी बाबूला विचारलं. "निवडणूक होऊ द्या." "ती कधी?" त्यानं बोट वर केलं. "वर विचारा." वर पंखा होता. अशा सात खेपा झाल्या.

काका हसले नाहीत. म्हणाले, "अर्ज केलास?" मी सांगितलं, केला, तर आता म्हणतात असा अर्जच आमच्याकडं नाही. "पोच घेतली व्हती?" पोच म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. ते मला घरी घेऊन गेले. टेबलावर कोरा कागद, खाली कार्बन, खाली दुसरा कागद. काकू म्हणाल्या, "अहो, तिला चहा तरी पिऊ द्या, मग कायदा शिकवा." ते म्हणाले, "चहा गार झाला तर परत करता येतो. अर्ज हरवला तर मानूसच हरवतो." अर्ज मला माझ्या हातानं लिहायला लावला. नगरसेवक नाहीत, तर माझ्या दाखल्यावर सही कोण करणार, एवढंच विचारायचं. पहिली प्रत त्यांची, दुसरी आपली. दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. "ते म्हनतील साहेब नाहीत, उद्या या. तू म्हनायचं, मी बसते." मी बसले. तीन तास बसले. गोल शिक्का घेऊनच उठले.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. एका आमदारांना त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. "साहेब, तुमची भाषणं मी लई वर्षं लिहून घेतली. आता माझा एक प्रश्न तुम्ही घ्या." प्रश्न असा होता : निवडणूक लांबवताना, नगरसेवक नसतील तेव्हा गरिबांच्या कागदांवर सही कोण करणार याचा सरकारनं विचार केला होता का, आणि याबद्दल किती तक्रारी आल्या. काही महिन्यांनी सभागृहात लेखी उत्तर आलं. काकांनी ते मला वाचायला दिलं. अधिकाऱ्यांना सहीचे अधिकार दिलेले आहेत. एकही तक्रार प्राप्त झालेली नाही. त्यामुळे पुढचा प्रश्न उद्भवत नाही... मी तीनदा वाचलं. माझ्या पिशवीत शिक्क्याची प्रत होती आणि राज्याच्या सभागृहात लिहिलं गेलं होतं की मी नाहीच.

काकांचा असा राग मी कधी पाहिला नव्हता. आवाज वाढला नाही, पण हात टेबलावर नुसता थापत राहिले. म्हणाले, "तीस वरसं मी तिथं बसून लिहिलं. खोटं बोललेलंबी तसंच लिहिलं, कारन मला तोंड नव्हतं. प्रतिवेदकाला फक्त हात असतो. तुला तोंड हाय." मी म्हटलं, "मले भेव वाटते जी." म्हणाले, "वाटू दे. भ्यायलेल्या मानसाचं बोलनंबी लिहून घेतात."

आमदारांनी तो विषय विधिमंडळाच्या समितीकडं नेला. सरकारनं सांगितलेलं खरं की खोटं, हे तपासायचा समितीला अधिकार असतो. समिती दौऱ्यावर शहरात आली तेव्हा मला बोलावणं आलं. काकांना नव्हतं. तरी ते दोनदा कंबर घेतलेली पॅन्ट घालून आले आणि बाहेरच्या बाकावर बसले. "आत कोपऱ्यात एखादी बाई नायतर बाप्या लिहीत बसलेला असंल," त्यांनी सांगितलं. "त्याच्याकडं बघून बोल. हळू. बाकीचे इसरतील, तो लिहील. आन् ते 'जी' काढू नको, तुझं तसंच राहू दे."

तेवढ्यात महापालिकेचे एक साहेब फाइल घेऊन आले. फार गोड बोलले. "ताई, तुमचा दाखला तयार आहे बघा. सहीसुद्धा झालीय. फक्त इथं एक सही करा." दुसऱ्या कागदावर लिहिलं होतं, माझी कोणतीही तक्रार नाही. दाखल्यावर माझं नाव होतं, या गल्लीचं नाव होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोन्ही एका कागदावर. माझा हात पुढं गेला होता, खोटं कशाला सांगू. मी काकांकडं पाहिलं. ते म्हणाले, "मी काय सांगू? माझ्या घरात रेशन येतं, तुझ्या घरात येत नाय. तू सही केलीस तर मी रागावनार नाय, येवढं खरं." त्यांनी दटावलं असतं तर कदाचित मी सही केली असती. मी साहेबांना विचारलं, "तक्रार नाही असं लिहून दिलं, तर सात खेपा मी कुठं गेले होते जी?" साहेबांनी दाखला फाइलमध्ये परत घातला. "मग रीतसर होईल. वेळ लागेल."

आत लांब टेबल होतं. एका बाजूला समितीचे लोक, समोर अधिकारी. तेच साहेब उठून म्हणाले की उपलब्ध माहितीनुसार तक्रार नाही. मी दुसरी प्रत पुढं केली. ते म्हणाले, शिक्का आमचाच आहे, पण मूळ अर्ज आढळत नाही, त्यामुळे बाईंचं प्रकरण आमच्याकडं नाही. कोपऱ्यात खरंच एक बाई लिहीत होती. मी तिच्याकडं पाहिलं आणि म्हटलं, "माझं प्रकरणच नाही, तर माझ्या नावाचा दाखला साहेबांच्या फाइलीत कसा जी?"

त्या बाईची पेन्सिल थांबली, तिनं मान वर केली, "आवक क्रमांक पुन्हा सांगा," म्हणाली. मी सांगितला. समितीच्या प्रमुखांनी फाइल मागवली. दाखला निघाला, त्यावर त्याच दिवसाची तारीख. "सहीचा अधिकार आज आला का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, दाखला बाईंना आत्ता द्या, आणि सभागृहाला दिलेलं उत्तर दुरुस्त करून पाठवा.

बाहेर आले तर काकांचा पहिला प्रश्न, "लिहून घेतलं का?"

"हो जी. क्रमांक दोनदा विचारला तिनं."

"पेन्सिल व्हती का पेन?"

"पेन्सिल."

"मंग झालं. जुन्या वळनाची हाय."

रेशनकार्ड झालं. पण दुरुस्त उत्तर काही सभागृहात आलं नाही. प्रत्येक अधिवेशनात काका चष्मा पुसून पानं चाळायचे आणि मला फोन करायचे, "नाय आलं." यथावकाश निवडणूक झाली, वॉर्डाला नगरसेवक मिळाले, या शहरात मी पहिल्यांदा मत दिलं. काका भिंतीला धरत धरत केंद्रावर आले होते. रांगेतला एक शेजारी म्हणाला, "आता आले की नगरसेवक. साळवे, जुनं कशाला उकरता?" काका म्हणाले, "उद्या परत लांबवतील, तवा हेच उत्तर काढून दाखवतील. मागच्या टायमाला कुनाची तक्रारच नव्हती म्हनतील. तिथं लिहिलेलं खोटं लई टिकतं, बाबा. मी हातानं लिहिलंय तसलं."

काकूंकडं परवा गेले होते. टेबल तसंच आहे. कार्बनची निळी पुडी, दोरीनं बांधलेल्या दुसऱ्या प्रती, आणि सगळ्यात वर माझी, गोल शिक्क्याची, मी काकांकडं ठेवायला दिलेली. काकूंनी ती मला परत देऊ केली. मी घेतली नाही. लोक सांगतात, माणूस गेला, आता सोड. मी सोडणार नाही. त्या प्रश्नाला 'उद्भवत नाही' म्हणणारा कागद अजून तिथं आहे, आणि मीही अजून इथंच आहे. शेजारच्या दोन बायकांना मी आता कार्बन लावून अर्ज लिहून देते, पोच घेतल्याशिवाय घरी येऊ देत नाही. भीती गेलेली नाही. तशीच घेऊन जाते.

त्यांची एक पॅन्ट माझ्याकडं खुंटीला आहे, कंबर घ्यायला दिलेली. ती मी घेऊन ठेवलीय, अगदी शेवटच्या मापानं.

काका, दुरुस्त उत्तर ज्या दिवशी सभागृहापुढं येईल, तो दिवस मुंबईत असो की नागपुरात, मी गॅलरीत बसून ऐकेन. त्याच्या दोन प्रती आणीन. एक तुमच्या टेबलावर ठेवीन, आणि दुसरीवर काकूंची सही घेईन... तारखेसकट.