पहिला शॉक कुठे बसला?

आमच्या पॅनल रूममध्ये दोन गोष्टी रोज साचतात, धूळ आणि किस्से. धूळ निदान शनिवारी पुसली जाते. किस्से मात्र मी सुट्टीत कराडला जाईपर्यंत पोटात तसेच! इथे बंगालात, सॉल्ट लेकमध्ये ते मराठीत सांगायचे कुणाला?

इथल्या एका ऑफिस बिल्डिंगचा मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर. हाताखाली तीन इलेक्ट्रिशियन. आमची एक रीत आहे. नवा माणूस आला की चारच्या चहाला त्याने ओळख करून द्यायची. नाव, गाव, काम कुणाकडे शिकलात आणि पहिला शॉक कुठे बसला!

* * *

मी आलो तेव्हा मलाही सुटका नव्हती. पाठ करून आणलेल्या बंगालीत म्हणालो, "आमार बाडी कराड."

"मुंबईजवळ ना?" बिमलदांनी विचारलं. ते आमच्यातले सगळ्यांत वडील, बागबाजारचे.

"पाच-सहा तास लागतात."

"म्हणजे जवळच!" मग हसून म्हणाले, "तुम्ही मराठे येऊ नयेत म्हणून आमच्या पूर्वजांनी बागबाजारपासून खंदक खणला होता. अर्धवटच राहिला, बघा!"

आणि चहाचा मातीचा कप माझ्यापुढे सरकवला.

* * *

बिमलदा काम शिकले ते पूजेच्या मंडपांच्या रोषणाईवर, वडिलांच्या हाताखाली. पहिल्यांदा एकट्याने केलेलं काम म्हणजे दिव्यांचा मासा. बटण दाबलं आणि मासा शेपटीकडून उलटा पोहायला लागला! वडील आता फोडून काढणार म्हणून बिमलदा बांबूमागे लपले. पण माशापुढे पोरांची ही गर्दी! वडिलांनी वायर बदलूच दिली नाही.

"राहू दे," ते म्हणाले. "गंगेला भरती आली की मासेही उलटे जातात."

आता ती सगळी रोषणाई कॉम्प्युटरवर चालते. बिमलदा दरवर्षी बघून येतात.

"कशी होती?" मी विचारतो.

"एकही मासा चुकत नाही हो!"

* * *

शंपा आयटीआय करून आलेली. गाव सुंदरबनातल्या एका बेटावर. तिथे वीज आली तेव्हा ती आठवीत होती. मीटर बसवायला आलेल्या माणसाला तिच्या आईने पाटावर बसवून जावयासारखं जेवू घातलं. शंपाने तेव्हाच ठरवलं, व्हायचं तर हेच!

इथे पहिल्याच कॉलला पाचव्या मजल्यावरचे साहेब तिच्या मागे बघत म्हणाले, "इलेक्ट्रिशियन कुठाय?"

"मीच. शिडी धरायला माणूस हवाच होता, बरं झालं तुम्ही भेटलात!"

साहेबांनी निमूटपणे शिडी धरली. आम्ही हे ऐकून टाळ्या वाजवल्या, पण शंपा नुसतीच टेस्टर पुसत बसली.

"काय झालं गं?"

"काही नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही कुणी."

* * *

तपन बरीच वर्षं आखातात होता. हॉटेलांच्या वायरिंगवर हात बसलेला. ओळख करून देताना सगळं सांगितलं, पण शॉकपाशी अडला.

"तिकडे नाही बसला. घरी आल्यावर बसला."

त्याची मुलगी तेव्हा पाच वर्षांची. बापाला तिने फक्त मोबाइलवर पाहिलेलं. तपन बॅग घेऊन दारात उभा, आणि मुलगी म्हणते, "थांबा हं काका, बाबांना विचारते." आत पळाली आणि फोन लावला.

तपनच्या खिशातला फोन वाजला.

"मग?" आम्ही विचारलं.

"मग काय, उचलला!"

* * *

माझी आई कराडला एकटी असते. एकदा तिचा व्हिडिओ कॉल आला, "लाईट गेलीय रे." मी साहेबांसमोर उभा, म्हणून फोन बिमलदांच्या हातात दिला. त्यांना मराठी येत नाही, आईला मराठीशिवाय दुसरं काही येत नाही.

परत आलो तर दोघं रंगात आलेले! बोर्डावरचा पडलेला खटका आईने कधीच वर केला होता. आता ती सांगत होती, "आमचे हेसुद्धा वायरमन. घरातली सगळी वायर त्यांनीच ओढलेली." बिमलदा बोर्ड निरखून म्हणत होते, "भालो हात, माशीमा! खूब भालो हात!" भालो म्हणजे चांगला, माशीमा म्हणजे मावशी. बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

त्यानंतर आठवड्यातून एकदा तरी आईची लाईट जाऊ लागली. फोन मला, पण विचारणार, "बिमलभाऊ आहेत का?"

परवाही आला. बरोबर चारला. मी स्क्रीनकडे पाहिलं, तर आईच्या डोक्यावर ट्यूबलाइट लख्ख चालू!

मी काही बोलणार, तेवढ्यात बिमलदांनी फोन घेतला, चष्मा लावला, ट्यूबलाइटकडे नीट पाहिलं आणि खुर्ची ओढून बसत आपल्या बंगालीत म्हणाले, "आज पण गेली, माशीमा? चला, बोर्डापाशी चला. हळूहळू. मला काही घाई नाही."