लिंबाखालचं सोलर

गाडीच्या छपरावर चढलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते, मे महिना होता आणि मला घाम येत नव्हता. काम बिघडलंय हे मला तिथेच कळलं. जिथे मे महिन्यात भर बाराला माणसाला घाम येत नाही, तिथे सोलर पॅनल काय कपाळ वीज बनवणार?

गाडी टेंभुर्णीत एका भल्यामोठ्या कडुलिंबाखाली उभी होती. छपरावर दोन-दोनशे वॉटची दोन पॅनल्स बोल्टनं पक्की बसवलेली आणि त्यांच्यावर लिंबोळ्यांचा सडा. मी वायरीला क्लॅम्प मीटर लावला. क्लॅम्प मीटर म्हणजे वायर न कापता तिच्यातून किती करंट जातोय ते सांगणारा चिमटा. वीस अँपिअरच्या पुढे दिसायला हवे होते. दीड दिसत होता.

मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये काढली. लाइट गेली तरी गावाचे फोन चालू राहायचे, ते त्या खोलीमुळे. रिटायर होऊन जालन्यात बसलोय, पण इन्व्हर्टर, बॅटरी, सोलर असलं काही बंद पडलं की लोक मला बोलावतात. आधी मनसोक्त बिघडवून घेतात, मग बोलावतात.

ही गाडी एका संस्थेची होती. जनावरांचा फिरता दवाखाना. एकेका गावात तीन-तीन दिवस मुक्काम. मागच्या बाजूला टेबल, औषधांची कपाटं, पंखा, दिवे आणि एक लहान फ्रिज, आणि हे सगळं चालवायला इंजिनापासून वेगळ्या अशा दोन बॅटऱ्या. परदेशात असल्या गाडीला आरव्ही म्हणतात. तिकडे लोक तिच्यात संसार थाटून हिंडतात. आपल्याकडे तिच्यात शेळ्यांची लस हिंडते.

फ्रिज हाच सगळ्या प्रकरणाचा जीव होता. लस दोन ते आठ डिग्रीत ठेवावी लागते. तापली की बाटली तशीच दिसते, पण आतलं औषध पाण्याच्या लायकीचं होतं. आदल्या महिन्यात टेंभुर्णीतच बॅटऱ्या उतरल्या, फ्रिज काही तास बंद पडला, सकाळी इंजिन चालू केल्यावर पुन्हा गार झाला. कुणाच्या लक्षात आलं नाही. लस टोचली गेली. पुढे साथ आली आणि टोचलेल्या शेळ्याही मेल्या. डॉक्टरीणबाईनं पाणी टोचलं, असं गाव उघड बोलू लागलं.

या डॉक्टरीणबाई म्हणजे डॉ. वर्षा. करारावर होत्या. संस्थेचे सचिव, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, यांनी बाईंना पत्र दिलं: पुन्हा एकदा लस खराब झाली तर करार पुढे चालू राहणार नाही. पत्र डॉक्टरला. फ्रिजला नाही, आणि छपरावर पॅनल बसवायचं ज्यांनी ठरवलं त्या अण्णांना तर नाहीच. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. त्यानंतर बाईंनीच मला शोधून फोन केला होता.

छपरावरून उतरून मी ड्रायव्हरला विचारलं, "भगवानराव, गाडी उन्हात का लावत नाही?"

"कोन लावू दील, सायेब? मागच्या खेपेला लावल्ती. सरपंच सोता आले अन् काढायला लावली. डॉक्टरीणबाई आल्यात अन् गाडी उन्हात? पाव्हण्याला कुनी उन्हात बसवतं का?"

भगवानराव बरोबर बोलत होता. शिवाय शेळ्या घेऊन आलेल्या बायका उन्हात रांग कशी लावणार? आणि गाडी उन्हात लावली की आत भट्टी, म्हणजे फ्रिजला दुप्पट काम. अण्णांनी मात्र जालन्यात पंख्याखाली बसून लेखी आदेश काढला होता: गाडी उन्हात लावणे. आदेश गाडीतच काचेखाली चिकटवलेला होता. त्याच्यावरही सावली होती.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या ऑफिसात गेलो. डॉ. वर्षाही होत्या.

"अण्णा, गाडी सावलीत राहणार. पॅनलला ऊन लागतं. दोघांची फारकत करावी लागेल."

"पन छपरावर लोकांना दिसतं ना. सोलर गाडी म्हणून फोटो आल्ता आपला पेपरात."

"फोटोत फ्रिज गार दिसतो का?"

अण्णांनी चहा मागवला. उत्तर सुचलं नाही की ते चहा मागवतात.

मी समजावून सांगितलं. पॅनलमधल्या वीज बनवणाऱ्या चकत्या एकामागे एक जोडलेल्या असतात. ठिबकच्या नळीला एका जागी घडी पडली की पुढच्या झाडांना पाणी जात नाही, तसंच इथे. थोड्या चकत्यांवर फांदीची सावली पडली तरी बाकीच्यांचं काम अडतं. म्हणून घडीचं, उचलून नेता येणारं पॅनल घ्यायचं, सावलीबाहेर मांडायचं आणि वायरीनं गाडीला जोडायचं. अण्णा म्हणाले, "बराबर." आणि चार दिवसांत एक विक्रेता धरून आणला.

विक्रेत्यानं ब्रीफकेसएवढी घडी टेबलावर उलगडली. "सहाशे वॉट, सर."

मी टेप काढला. लांबी घेतली, रुंदी घेतली. अर्धा चौरस मीटरही भरेना. चांगल्या पॅनलचा एक चौरस मीटर भर उन्हात दोनशे वॉट देतो, फार तर थोडं वर. हे टेप आणि पाढे एवढ्यावर कुणालाही कळतं. पण टेप कुणी काढत नाही. सगळे डब्यावरचं चित्र बघतात.

"यातून सहाशे वॉट काढायला जालन्यावर सहा सूर्य लागतील," मी म्हणालो. "इथे एकातच जीव चाललाय."

"सर, नवीन टेक्नॉलॉजी आहे."

"मागचं लेबल वाचा. व्होल्ट किती? अँपिअर किती?"

"अठरा व्होल्ट. साडेपाच अँपिअर."

"गुणाकार करा."

त्यानं मोबाइल काढला, आकडे दाबले, पुसले आणि पुन्हा दाबले. "नव्व्याण्णव," असं शेवटी म्हणाला.

"पन कंपनी खोटं कशाला लिहील?" अण्णांनी मला विचारलं. या प्रश्नाला उत्तर देण्याइतकं माझं आयुष्य उरलेलं नाही.

अखेर मीच निवडलं. खरं दोनशे वॉटचं, चार घड्यांचं, एकट्या माणसाला उचलता येईल असं. बॅटऱ्यांना किती करंट द्यायचा ते ठरवणारा कंट्रोलर बॅटऱ्यांच्या शेजारी. आणि दहा मीटर जाड वायर. अण्णांना बारीक वायर हवी होती, गुंडाळायला सोपी जाते म्हणून. बारीक वायरीत अर्धा जोर रस्त्यातच मरतो, हे मी त्यांना तीन वेळा सांगितलं आणि चौथ्यांदा न सांगता जाड आणली.

ऑफिसच्या अंगणात मी भगवानरावला शिकवायला घेतलं. खरं तर व्याख्यानच दिलं. पॅनल कसं तिरकं ठेवायचं, दिवसातून दोनदा कसं फिरवायचं, प्लग कुठला कुठे. मग मला रंग चढला. "लक्षात ठेवा, पॅनलला ऊन हवं, उष्णता नको. तापलं की करंट कमी देतं. खाली विटा लावा, हवा खेळू द्या. जितकं गार राहील तितकं चांगलं. समजलं?"

"समजलं, सायेब."

यातलं एक वाक्यही चूक नव्हतं. आजही कुणी सिद्ध करून दाखवावं.

पुढच्या मुक्कामाला गाडी पिंपळगाव रेणुकाईला गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास डॉ. वर्षांचा फोन आला. आवाज शांत होता, पण फारच सांभाळून शांत ठेवलेला.

"सर, फ्रिज चौदा डिग्रीवर आहे. बॅटऱ्या उतरल्यात. पॅनल भिंतीपलीकडे शेतात आहे. मला इथून हलता येत नाही, पण भगवानदादा म्हणतात उन्हातच आहे."

"लस?"

"सगळी बाजूला काढली. एकही टोचली नाही. शंभरावर शेळ्या रांगेत होत्या, परत पाठवल्या. लोक खूप बोलले." मग त्या म्हणाल्या, "अण्णांना मीच कळवलंय."

मी मोटरसायकल काढली. जालना ते पिंपळगाव रेणुकाई काही जवळ नाही आणि उन्हात तर मुळीच नाही. रस्ताभर मी शिव्या जुळवत गेलो. अण्णांनी परस्पर वायर बदलली असणार. कंट्रोलर कुणीतरी उलटा जोडला असणार. मांडायला सोपं म्हणून कुणीतरी पॅनल गोठ्यात ठेवलं असणार. प्रत्येकासाठी माझ्याकडे एकेक खास वाक्य तयार होतं. बॅटरी रूममध्ये या कामात माझा हात कुणी धरला नव्हता.

भिंतीला वळसा घालून शेतात गेलो. पॅनल उन्हात होतं. तिरकेपणा अगदी हवा तसा. खाली चार विटा. आणि वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन ओली पोती.

हापशाकडून भगवानराव बादली घेऊन येत होता. पोत्यांवर त्यानं पाणी शिंपडलं आणि मग मला नमस्कार केला.

"हे काय चाललंय?"

"गार ठेवून राह्यलो, सायेब. तीन दिवसांपासून दर अर्ध्या घंट्याला पानी मारतो. बिलकुल तापू न्हाई देलं. हात लावून पाहा."

मी हात लावला. माठासारखं गार होतं.

"भगवानराव, पोत्यातून ऊन कसं जाईल?"

त्यानं पोत्याकडे पाहिलं, वर पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमीच म्हन्ले होते ना, ऊन पाह्यजे, गर्मी नको. जितकं गार तितकं चांगलं. म्या म्हन्लं, ऊन तं चारी बाजूनं हायेच. गर्मी तेवढी काढावी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "चुकलं का हो माझं? बाईंचं काम जाईल का आता?"

घरचा कूलर असो की पाण्याचा माठ, ओलं पोतं टाकलं की गारवा टिकतो, हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. ज्याला मी शिकवत होतो त्याच्या घरी उन्हाळ्यात काय करतात, याचा मी विचारच केला नव्हता. बादलीच्या कडीनं त्याच्या तळहाताला फोड आले होते. मला लाज वाटली. एवढ्या वर्षांत कामाच्या बाबतीत वाटली नव्हती तेवढी वाटली, आणि जुळवलेल्या शिव्यांपैकी एकही त्याच्यासाठी कामाची निघाली नाही. सगळ्या मलाच बसत होत्या.

पोती काढली. क्लॅम्प मीटर लावला. उतरत्या उन्हातसुद्धा सात अँपिअर.

दोन दिवसांनी अण्णांनी बैठक बोलावली. त्यांच्यासमोर पत्र टाइप होऊन पडलं होतं आणि त्यात डॉ. वर्षांचं नाव होतं. मी माझा रिपोर्ट पुढे सरकवला. अण्णांनी वाचला आणि चष्मा काढला.

"साळवे साहेब, तुमी कशाला अंगावर घेऊन राह्यले? डॉक्टर तिथं हजर होती. तिनं पाहायला नको?"

"तिनं थर्मामीटर पाहिला म्हणूनच लस फेकली गेली. नाहीतर पुन्हा पाणी टोचलं असतं."

"मंग डायवरचा हलगर्जीपणा लिहू."

"त्यानं माझं ऐकलं. शब्दन् शब्द ऐकलं. तुमच्या संस्थेत तुमचं एवढं कुणी ऐकतं का?"

अण्णांनी चहा मागवला.

आयुष्यात मी शेकड्यांनी फॉल्ट रिपोर्ट लिहिले. 'कारण' या रकान्यात उंदीर लिहिला, पाऊस लिहिला, लाइनमन लिहिला, कंत्राटदार तर कितीदा लिहिला. या वेळी लिहिलं होतं: तंत्रज्ञाची अर्धवट सूचना. तंत्रज्ञ: मी. खाली सही.

अण्णांना एक नाव हवं होतं, ते मिळालं. कुणाचं याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. ठराव झाला की साळवे यांची सेवा यापुढे घेण्यात येऊ नये. ठराव एकमतानं मंजूर झाला. मीही हात वर केला असता, पण मला मताचा अधिकार नव्हता. टाइप केलेलं पत्र फाडलं गेलं आणि डॉ. वर्षांचा करार पुढे चालू राहिला.

त्याआधी पिंपळगावातच मी भगवानरावला पुन्हा शिकवलं होतं. या वेळी एकच गोष्ट सांगितली आणि त्याच्या तोंडून वदवून घेतली.

"प्यानलवर काहीच न्हाई," तो म्हणाला. "पोतं न्हाई, उपरणं न्हाई, हार न्हाई, वाळवायला मिरच्या न्हाई." हार आणि मिरच्या त्यानं स्वतःच्या मनानं घातल्या. त्या माझ्या डोक्यात आल्या नसत्या.

पॅनल आता नीट चालतंय. गाडी लिंबाखाली, पॅनल उन्हात, फ्रिज पाच डिग्रीवर. परवा डॉ. वर्षांनी फोनवर टेंभुर्णीची हकीकत सांगितली. फ्रिजच्या थर्मामीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात, म्हणजे दोन ते आठ डिग्रीत, असेल तरच लस चांगली, हे बाईंनी आधीच गावाला सांगून ठेवलं होतं. मागच्या साथीत चार शेळ्या गेलेली एक म्हातारी रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी होती. तिनं शेळीचा कान धरून ठेवला आणि सुईच्या आड हात घातला.

"आधी काटा दाखव," म्हणाली.

बाईंनी फ्रिजमधला थर्मामीटर आणून तिच्या हातात दिला. म्हातारीला आकडे वाचता येत नाहीत. तिनं शेजारणीला विचारलं, काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना. मग स्वतः डोळ्याजवळ नेऊन पाहिला आणि हात काढला. तिच्या मागच्या बाईनंही काटा मागितला, आणि तिच्या मागचीनंही. त्या दिवशी लस टोचायला दुप्पट वेळ लागला.

तज्ज्ञ सांगतो म्हणून मान डोलावणाऱ्या साऱ्या ऑफिसापेक्षा ही रांग शहाणी. ऑफिसच्या अंगणातल्या माझ्या व्याख्यानाला ती म्हातारी बसली असती तर तिनं मला अर्ध्यातच थांबवलं असतं.