ओळ पुरवणारी ताई

धाकट्याची कविता अडली की पहिल्या रांगेतून ओळ पुरवायची, हे काम ताईकडे तो सहावीत असल्यापासून होतं. पाठचा भाऊ आणि पाठांतराच्या नावानं बोंब. ती कागद घेऊन समोर बसायची, तो अडखळला की हळूच पुढची ओळ सांगायची आणि तिच्या तोंडून निघेल ते तो बेलाशक म्हणून टाकायचा. एकदा शाळेत तिनं खोडी काढली आणि "मला फार भूक लागली" अशी ओळ पुरवली. पठ्ठ्यानं तीही हात उंचावून भर सभागृहात ठोकून दिली. घरी आल्यावर आई पोट धरधरून हसली होती.

आता ताई अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवते. काच केसभर जास्त घासली गेली की फुकट, म्हणून दिवसभर मान खाली आणि तोंड बंद. धाकट्यानं मात्र बोलून नाव कमावलं. कॅफेत, ग्रंथालयात, मिळेल तिथं माइकसमोर उभा राहून आपण कोण, कुठले, घर नेमकं कशाला म्हणायचं, असलं काय काय विचारत असतो आणि तरुण पोरं त्याच्यावर जीव टाकतात. ताईलाही त्याचं कौतुक आहे. नाही कोण म्हणतं?

पण त्याची 'ओळख' ही नवी कविता ऐकली तेव्हापासून तिला ती सलत होती. आईला शेवटी शेवटी काहीच आठवत नव्हतं. ती दोन वर्षं ताईनं काढली. कवितेत ती धाकट्यानं काढली होती. आईला स्टुलावर बसवून आंघोळ मी घातली, पाठ मी चोळली, तिनं "तू कोण?" विचारलं आणि "आई, मी तुझं बाळ" म्हणताच तिनं मला ओळखलं. इथं लोक डोळे पुसायचे. प्रत्यक्षात साहेब दोन वर्षांत सात वेळा आले, फळं घेऊन, आणि तासाभरात घड्याळ बघायला लागले. आंघोळीचं सगळं त्याला ताईनंच फोनवर सांगितलं होतं. आईला आपण काय उत्तर देतो, तेवढं सांगितलं नव्हतं. ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी तिनं विषय काढलाच. "ते आंघोळीचं काढून टाक."

"ताई, तोच तर कवितेचा जीव आहे. आणि कवितेतला 'मी' म्हणजे मीच, असं नसतं गं."

"आंघोळ घालणारी तर मीच होते ना?"

तो हसला. "रविवारी स्पर्धेची शेवटची फेरी आहे. तू समोर नसलीस तर माझं काही खरं नाही."

तिला भयंकर राग आला. तरी रविवारी दुपारी ती इस्त्रीची साडी नेसून पहिल्या रांगेत हजर होती. काय म्हणायचं या बाईला!

ग्रंथालयाच्या तळघरात शंभरेक खुर्च्या मांडल्या होत्या. नियम साधा होता. कवी अडकला की लोकांनी धीर द्यायला चुटक्या वाजवायच्या. समोरून कुणी ओळ पुरवली तरी चालायची, पण दहा चुटक्यांत ती आली नाही तर घंटा वाजून कवी बाद. धाकटा उभा राहिला. सुरुवात झकास झाली. स्टूल आलं, बादली आली, आईची पाठ आली. ताईचं बोट कागदावरून सरकत होतं आणि कान तापत होते.

"तिनं विचारलं, तू कोण?" धाकटा म्हणाला आणि थांबला.

आधी वाटलं, मुद्दाम थांबलाय. मग त्याची नजर ताईकडे वळली, आणि घोडं अडलंय हे तिला कळलं.

एक चुटकी. दोन. मागच्या रांगाही वाजवायला लागल्या. ताईच्या बोटाखाली ओळ होती, 'आई, मी तुझं बाळ'. पाच. तिला फक्त वाचायचं होतं. सहा. गप्प राहिली तर भाऊ बाद होणार, आणि वाचली तर ती दोन वर्षं कायमची त्याची होणार. सात. धाकट्याच्या कपाळावर घाम आला. आठ.

"मी कामाला येते, आजी," ताई म्हणाली.

"मी कामाला येते, आजी!" धाकट्यानं ओळ झेलली आणि माइकवर खणखणीत म्हटली.

उंचावलेला हात तसाच राहिला. आपण काय बोललो ते त्याला आता ऐकू आलं होतं. चुटक्या थांबल्या.

"असं सांगायचीस तिला?" तो माइकवरच बोलून गेला.

"रोज. मुलगी म्हटलं की लाजायची, अंगाला हात लावू द्यायची नाही. परकी बाई म्हटलं की मुकाट बसायची."

सूत्रसंचालक मुलगी घंटेवर हात ठेवून तशीच उभी होती. ती वाजवायची तिला हिंमत होईना.

"मग?" धाकट्यानं विचारलं. "मग ती काय म्हणायची?"

ताईनं हातातला कागद मिटला. "म्हणायची, हात हलका आहे तुझा. उद्या पण ये. माझी मुलगी येणार आहे, तिची ओळख करून देते."

ओळ पुरवून झाल्यावर ती सवयीनं त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याचे ओठ हलले. ही एक ओळ मात्र त्याला म्हणता आली नाही.